पायातला जोर

"ही किल्ली तुझ्याकडे ठेव, शालन. सोमवारी माझा भाचा येईल, रमाकांत. त्याच्या हातात दे. दुसऱ्या कुणाच्या नाही."

नारकर शेठनी ट्रकची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली ती इसाकचाचांच्या देखत. चाचा गॅरेजच्या दारात उभे होते. अंगात पांढरा सदरा, डोक्यावर जाळीची टोपी, हातात गाडी पुसायचं पिवळं फडकं. बावीस वर्षं त्यांनी शेठच्या खाणीवरून चिरे वाहिले होते, आणि शेठ त्यांच्याकडे नुसतं बघतसुद्धा नव्हते.

"शेठ, मी आज परत तपासतेय ना गाडी," मी म्हणाले.

"दोनदा तपासलीस. दोन्ही वेळा म्हणालीस, गाडीला काही झालेलं नाही. आज तिसऱ्यांदा सकाळपासून खाली झोपलीयेस. काय सापडलं?"

"अजून काही नाही."

"मग झालं! गाडीला काही नाही, तर ज्याला काय झालंय त्याला खाली उतरवायला नको? घाटीच्या वळणावर शाळा आहे, बाई. गेल्या आठवड्यात गाडी बांधावर गेली. उद्या पोरांवर गेली तर मी कुणाला तोंड दाखवू?"

स्कूटरला किक मारून ते गेले. माणूस वाईट नव्हता, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं.

ही गोष्ट अठ्ठावीस वर्षांपूर्वीची. आमचं गॅरेज राजापूरच्या अलीकडे, हायवेच्या नाक्यावर. गॅरेज अण्णांचं, माझ्या वडिलांचं. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि डावी बाजू गेली, तेव्हापासून मी चालवत होते. तेव्हा मी सव्वीस वर्षांची. दारावर अण्णांच्या हातचा एक बोर्ड होता, अजून आहे: 'भरलेली गाडी आत आणू नये.' त्याच्याखाली आता आणखी एक ओळ आहे, ती माझी. ती का लिहिली तेच सांगते.

शेठची गाडी म्हणजे सहा चाकांचा जुना ट्रक, ऑइल ब्रेकचा. वर सड्यावर, कातळाच्या माळावर, चिऱ्यांची खाण. तिथून चिरे भरायचे, घाटी उतरायची आणि खाली गावोगाव पोचवायचे. घाटी म्हणजे दीड मैलाचा उतार, आणि मधल्या वळणावर मराठी शाळा. आठ दिवसांपूर्वी त्या वळणावर गाडी थांबेना, तेव्हा चाचांनी ती शाळेच्या अलीकडच्या बांधावर घातली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. चाचा म्हणाले, "ब्रेकचं पायडल बसलं." शेठनी गाडी माझ्याकडे पाठवली. मी मागच्या चाकांचे दोन्ही ब्रेकड्रम उघडले, आतले सिलिंडर बघितले, खात्री म्हणून रबरं नवी घातली. सगळं कोरडं ठणठणीत होतं. गाडी परत दिली, तर तीन दिवसांनी चाचा पुन्हा हजर! "बाय, बसतंय पायडल." पुन्हा सगळं उघडलं, पुन्हा कोरडं.

त्या दिवशी गॅरेजात पाच-सहा ड्रायव्हर चहा पीत बसले होते. चाचा गाडी घेऊन गेल्यावर एकानं विचारलं, "काय गो शालन, मग ब्रेक गेला कसा?"

आणि मी म्हणाले, "ब्रेकला काय धाड भरलीये? चाचांच्या पायातच जोर राहिला नसेल आता!"

सगळे खो खो हसले. मीही हसले.

शेठ गेल्यावर चाचा आत आले आणि टेबलाशी उभे राहिले. किल्लीला त्यांनी हात लावला नाही.

"बाय, एक विचारू?"

"विचारा की."

"पायात जोर नाय, असं तू बोललीस काय?"

मी हातातला पाना टेबलावर ठेवला. "तुम्हाला कोण म्हणालं?"

"शेठनी सांगितलं. त्यांना नाक्यावर कळलं. बोललीस काय?"

खोटं बोलायचं मनात आलं होतं, नाही असं नाही. पण त्यांच्या तोंडाकडे बघून जमेना. "बोलले, चाचा."

फडक्याची घडी घालत ते म्हणाले, "तू बोललीस तर असेलही. माझं वय झालंच आहे. गाडीचं तुला कळतं. मलाच वाटत राहिलं, पायडल बसतंय, पायडल बसतंय..."

ते भांडले असते तर मला बरं वाटलं असतं. मला उलट बोलायला येतं, त्यात मी कुणाला हार जात नाही. पण हा माणूस स्वतःच्या पायाकडे असा बघत होता, जणू तो पाय दुसऱ्याचा आहे. बावीस वर्षांत ज्यानं एक कोंबडी चाकाखाली घेतली नाही, त्याला माझ्या एका फाजील वाक्यानं स्वतःचा भरवसा राहिला नव्हता. मला माझीच शिसारी आली.

"असेल म्हणजे काय!" मी त्यांच्यावरच ओरडले. "बसा इथं. मला पहिल्यापासून सांगा. पायडल बसतं म्हणजे कसं बसतं?"

"दोनदा सांगितलं तुला."

"तिसऱ्यांदा सांगा. या वेळी ऐकते."

चाचा स्टुलावर बसले. "रिकाम्या गाडीला काय नाय. भरून सड्यावर हळू चालवतो तेव्हाही काय नाय. घाटीत एकदा जोरात दाबावं लागलं, की मग पुढच्या वेळी पायडल खाली जातं. त्या दिवशी पार फळीला टेकलं. दोन-तीनदा पटापट मारलं की जरा धरतं."

"ऑइल कमी होतं का?"

"होतं ना. दोन दिवसांनी अर्धी बाटली घालतो."

मी उभीच राहिले. "अर्धी बाटली? आणि हे मला आज सांगताय?"

"तू कधी विचारलंस?"

"मी ऑइलची डबी उघडून बघितली तेव्हा काठोकाठ होती!"

"असणारच. गॅरेजात आणताना मी भरूनच आणतो. कमी ऑइलची गाडी दारात आणली तर अण्णा काय बोलायचे, ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. अण्णांच्या शिव्या अख्ख्या हायवेला ठाऊक होत्या.

"आणि मागचं सगळं कोरडं कसं? कुठं एक डाग नाही, ओघळ नाही."

"धुऊन आणतो ना पऱ्यावर," चाचा जरा ताठ होत म्हणाले. "पोरगी गाडीखाली झोपून काम करते. चिऱ्याची लाल माती तिच्या डोळ्यात पडायला नको. खालून तर आधी धुतो."

मी कपाळावर हात मारला. ब्रेकचं ऑइल पाण्यानं धुतलं की मागमूस ठेवत नाही. म्हणजे हा भला माणूस माझ्या डोळ्यांत माती जाऊ नये म्हणून सगळा पुरावा पऱ्याच्या वाहत्या पाण्यात सोडून येत होता. आणि माझ्या दारावरचा बोर्ड वाचून गाडी रिकामी आणत होता. मी जी गाडी दोनदा तपासली ती बघायच्या कार्यक्रमाला बसवलेल्या मुलीसारखी, नटवलेली आणि तोंड मिटून बसलेली. चिरे घेऊन घाटी उतरणारी गाडी मी कधी पाहिलीच नव्हती.

अर्धी बाटली ऑइल हवेत तर उडून जात नाही. मास्टर सिलिंडर मी तपासला होता, पुढची चाकं तपासली होती. ते जात होतं मागूनच, आणि गाडी भरलेली असतानाच.

मी पान्यांची पिशवी उचलली. अण्णा आतल्या खोलीच्या दारात खुर्चीवर होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी उजव्या हातातली काठी उचलली आणि बोर्डाच्या दिशेनं धरली. त्या हाताला तीनच बोटं होती. भरलेला ट्रक जॅकवरून सटकला त्यात दोन गेली, मी चौथीत असताना. बोर्ड त्यानंतरचा.

"भरलेली गाडी इथं आणत नाही, अण्णा," मी म्हणाले. "मीच वर खाणीवर जाते."

त्यांना बोलायला त्रास व्हायचा. ओठ एका बाजूला ओढत त्यांनी दोन शब्द काढले. "जॅक... नको."

"नाही लावत. शप्पथ."

त्यांनी काठी खाली घेतली.

मी टेबलावरची किल्ली घेतली तसे चाचा दचकले. "बाय, शेठ काय बोलले?"

"किल्ली माझ्याकडे ठेव म्हणाले. गाडी चालवू नको असं कुठं म्हणाले? चला, बसा."

"कुठं बसू?"

"क्लीनरच्या जागी. मी चालवते. रिकामी आहे आणि चढाला जायचंय, ब्रेकला काय काम आहे?"

बावीस वर्षांत चाचा त्या बाजूला पहिल्यांदा बसले असतील. सगळा चढ ते दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. मी गेअर बदलला की त्यांचा डावा पाय आपोआप क्लच शोधायचा आणि फळीवर आपटायचा. मी बघितलं नाही असं दाखवलं.

सड्यावर उन्हानं कातळ तापला होता. खाणीत विजापूरकडचे कामगार जेवायच्या सुट्टीला झावळ्यांच्या झापाच्या सावलीत बसले होते. धाकू मुकादम विडी टाकून पुढं आला.

"धाकू, दीडशे चिरे भर गाडीत."

"शेठचा हुकूम आहे, सोमवारपर्यंत गाडी भरायची नाही."

"चालवायची नाहीये, नुसती उभी करायचीये. मला भरलेली बघायचीये."

"आणि खाली चिरडलीस तर?"

"तर माझ्या बापाला तू सांभाळ. भर!"

धाकूनं चाचांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि "ही पोरगी म्हणजे ना..." असं पुटपुटत कामगारांना हाक मारली. एका पोऱ्याला मात्र त्यानं सायकलवर खाली पिटाळलं. कुठं ते विचारायची गरज नव्हती. शेठच्या घरी.

मी तोवर जागा शोधली. खाणीत चिरे कापून काढले की अखंड कातळात लांबच लांब चर राहतात. तसा एक चर होता, माणूस आडवा मावेल एवढा रुंद आणि गुडघ्याएवढा खोल. दोन्ही बाजूंना अस्सल कातळ, खचायची भीती नाही. मी चाचांना चाकावर बसवलं. त्यांनी गाडी मागं घेत अशी आणली की चाकं दोन्ही काठांवर आणि चर बरोबर मधोमध. मी हातानं खुणासुद्धा केल्या नाहीत. त्यांनी आरसा बघून एका दमात लावली. ज्याचं वय झालं म्हणून नाक्यावर बोलतात तो हा माणूस!

चाकांना पुढून-मागून चिरे लावले, आणि गाडी भरायला सुरुवात झाली. एकेक चिरा पडे तशी गाडी मागून बसत गेली. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांची कमान होती ती दीडशेव्या चिऱ्याला पार सपाट झाली. मी चरात उतरले आणि पाठीवर झोपले. वर नाकासमोर हातभर अंतरावर मागच्या चाकांचा आस, आणि त्याच्यावर साडेचार टन चिरे. मी अण्णांची तीन बोटं आठवली आणि मग ती आठवायची नाहीत असं ठरवलं.

फडक्यानं सगळं पुसून कोरडं केलं. जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडून आणल्या होत्या. ब्रेकच्या पाइपाच्या प्रत्येक जोडावर एकेक पट्टी गुंडाळली, दोन्ही ड्रमच्या मागं एकेक खोचली. ऑइल कुठंही पाझरलं तरी कागद काळा पडणार.

"चाचा, इंजिन चालू करा. आता दाबा!"

वर पायडलचा आवाज आला. मी बघत राहिले.

"सोडा. दाबा. सोडा. दाबा."

दहा वेळा झालं, वीस वेळा झालं. सगळे कागद कोरडे. घाम कानात जात होता. डोक्यावर इंजिनाची घरघर, आणि बाजूला कामगार उकिडवे बसून बघत होते. धाकू म्हणाला, "काय दिसतंय काय?"

"गप बस."

आणि मग तो विचार आलाच. खरोखर पायातच जोर नसेल तर? मी अख्खी खाण कामाला लावली, शेठचा हुकूम मोडला, आणि शेवटी मीच बोलले ते खरं निघालं तर? क्षणभर मला तेच खरं असावं असंही वाटलं. निदान मी चुकले नाही असं झालं असतं. मग त्या विचाराचा इतका राग आला की मी दात आवळून पुन्हा पहिल्यापासून एकेक जोड बघायला घेतला.

फ्रेमवरून आसापर्यंत एक रबरी पाइप येतो, हातभर लांब. गाडी खालीवर होते म्हणून तिथं लोखंडी पाइप चालत नाही. गॅरेजात बघितला तेव्हा तो सरळ लोंबत होता, नवा नसला तरी धड होता. आता गाडी बसली होती आणि तो पाइप कोपरात हात दुमडावा तसा दुमडला होता. वरच्या टोकाला, लोखंडी टोपणात रबर शिरतं तिथं, त्याला चांगलाच पीळ बसला होता. मी बोट फिरवलं. कोरडं होतं. पण माझी नजर तिथून हलेना.

"चाचा, जोरात दाबा!"

"दाबतोय, बाय."

आवाज बारीक आला. मी पायडलच्या आवाजाकडे कान दिला. अर्ध्यातच थांबत होतं.

"चाचा, घाटीत असंच दाबता?"

वर पायडल थांबलं.

"चाचा?"

"नाय."

"मग आता का असं गोंजारताय?"

"तू खाली आहेस, बाय." इंजिनाच्या आवाजातून ते मला कसंबसं ऐकू आलं. "वर एवढं वजन. काय तुटलं, गाडी हलली... माझ्या पायाचा भरवसा नाय. तूच बोललीस ना."

मी चरात पडल्या पडल्या डोळे मिटले. मग जेवढा आवाज होता तेवढा काढून ओरडले, साऱ्या खाणीला ऐकू जाईल असं.

"चाचा, मी झूठ बोलले! मला काय ठाऊक तुमच्या पायाचं? अण्णा पडल्यापासून नाक्यावरचे सगळे मला हसतात, बाई काय गाडी दुरुस्त करणार म्हणून. त्या दिवशी ते पहिल्यांदा माझ्याबरोबर हसले, म्हणून मी बोलले. तुमच्या पायाचा भरवसा नसता तर मी इथं झोपले असते का? आता समोर शाळा आहे. पोरं बाहेर आलीत. थांबवा गाडी! उभे राहा पायडलवर!"

वर सीटची स्प्रिंग करकरली. चाचा उठले असणार. मग धाडकन आवाज झाला आणि टोपणाच्या तोंडाशी रबराला चीर उघडली, ओठ उघडावेत तशी. पिचकारी उडाली ती थेट माझ्या तोंडावर.

डोळ्यांत आग! मी किंचाळले. वर चाचांना वाटलं, गेली पोरगी. "बाय! बाय!" करत ते केबिनमधून उडी मारून खाली आले, पालथे पडून चरात हात घातला आणि माझा खांदा धरला. धाकूनं आणि दोघा कामगारांनी मला ओढून बाहेर काढलं. कुणीतरी पिण्याच्या पाण्याची कळशी तोंडावर ओतली. माझे डोळे मिटलेले, केस चिकटलेले, आणि मी येड्यासारखी हसत होते.

"लागलं काय गो? कुठं लागलं?" चाचा माझे हात चाचपत होते.

"सापडलं, चाचा! पाइप फुटलाय! भरलेली गाडी आणि तुमचा पाय, दोन्ही असल्याशिवाय तोंडच उघडत नाही मेला!"

तेवढ्यात स्कूटर आली. शेठ उतरले ते लालबुंद होऊन. "शालन! कुणाला विचारून गाडी आणलीस? भरलीस कुणाच्या सांगण्यावरून? आणि हा इसाक इथं काय करतोय?"

"शेठ, आधी चरात उतरा."

"काय?"

"उतरा आणि झोपा. मी झोपले होते तिथं. मग काय बोलायचं ते बोला."

शेठच्या अंगावर परीटघडीचे कपडे होते. पण माझ्या तोंडाला काही लाज नाही हे त्यांना ठाऊक होतं, आणि वीस-पंचवीस माणसं बघत होती. ते उतरले. झोपायला तयार होईनात, म्हणून उकिडवे बसून मान वाकडी करून बघू लागले.

"लांबून बघा हं," मी म्हणाले. "चाचा, घाटीतला पाय!"

चाचा केबिनमध्ये चढले आणि या वेळी न सांगता सीटवरून उठले. लांबून म्हटलं तरी पिचकारी शेठच्या खांद्यापर्यंत पोचलीच. शेठ सदरा झटकत वर आले. ओल्या बोटाचा त्यांनी वास घेतला.

"हे... हे असं घाटीत होत होतं?"

"रोज. एकदा जोरात दाबलं की तेल बाहेर, पुढच्या वेळी पायडल रिकामं. अशा गाडीनं चाचा रोज तीन खेपा उतरत होते. रमाकांत सोमवारी उतरला असता तर बांध निवडायचं त्याला सुचलं असतं की नाही, देव जाणे."

"मग तू दोनदा 'काही नाही' म्हणालीस ती?"

"चुकले. रिकामी बघितली, धुतलेली बघितली, आणि जो चालवतो त्याचं ऐकलं नाही." दारावरच्या बोर्डाखाली मी लिहिलेली ओळ हीच: 'जो गाडी चालवतो त्याचं आधी ऐकावं.' मी वळले. "धाकू, तूही ऐक. चाचांच्या पायाबद्दल मी जे बोलले ते खोटं होतं. नाक्यावर मी स्वतः सांगेनच, पण तूही सांग, मला कुणी विसरू देता कामा नये."

धाकू मान हलवत हसला. शेठनी चाचांकडे बघितलं. दोघंही साधारण एका वयाचे. शेठ म्हणाले, "इसाक, मी तुला विचारायला हवं होतं."

"तुम्हाला शाळेची काळजी होती, शेठ," चाचा एवढंच म्हणाले. "मला पण होती."

पाइप आणायला मी शेठनाच पिटाळलं. स्कूटर त्यांचीच होती. पाऊण तासानं ते राजापुरातून नवा पाइप आणि ऑइलच्या दोन बाटल्या घेऊन आले. मी पुन्हा चरात उतरले, पाइप बदलला, चाचांनी वर पायडल मारलं आणि मी खालून पाइपातली हवा काढली. मग त्यांना पन्नास वेळा उभं राहून दाबायला लावलं. कागदाच्या नव्या पट्ट्या कोरड्या राहिल्या.

"चिरे उतरवू काय?" धाकूनं विचारलं.

"कशाला?" शेठ म्हणाले. "भरलेत तर जाऊ देत खाली. शालन, किल्ली?"

किल्ली गाडीलाच होती. मी ती काढली आणि शेठच्या हातावर ठेवली, कारण त्यांनी ज्यांच्या देखत काढून घेतली होती त्यांना त्यांनीच ती द्यायला हवी होती. शेठना ते कळलं. त्यांनी किल्ली चाचांपुढं धरली. चाचांनी ती घेतली, पिवळ्या फडक्यानं पुसली आणि केबिनमध्ये चढले.

मी दुसऱ्या बाजूनं चढून क्लीनरच्या जागी बसले.

"तू कशाला?" चाचा म्हणाले. "शेठच्या स्कूटरवर जा."

"काम मी केलंय. खाली पोचेपर्यंत मी गाडीतच बसणार."

आम्ही घाटीला लागलो. गाडी वजनानं कण्हत होती. चाचा दुसऱ्या गेअरवर, एक हात चाकावर. शनिवार होता, सकाळची शाळा कधीच सुटली होती. वळणावर अंगण रिकामं दिसलं, आणि अलीकडे तो बांध. वरचे चिरे निखळलेले, ट्रकच्या बंपरची खूण तशीच.

तिथं उतार सगळ्यात जास्त. चाचांनी मला सांगितलं नाही, बघितलं नाही. सीटवरून उठले आणि सबंध वजनानं पायडलवर उभे राहिले. मागं दीडशे चिरे एकमेकांवर खडखडले, माझं डोकं काचेला लागता लागता राहिलं, आणि गाडी जागच्या जागी थांबली. बांध आमच्यापासून हातभर लांब होता.

इंजिन हळू घरघरत होतं. चाचा तसेच पायडलवर उभे होते. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "जोर आहे ना, बाय?"

"आहे, चाचा."

तोंड फिरवून मी बाहेर शाळेकडे बघत बसले. चाचा सीटवर बसले, हँडब्रेक ओढला आणि खांद्यावरचं पिवळं फडकं माझ्या मांडीवर ठेवलं.

"पूस डोळे," ते म्हणाले. "ऑइल राहिलंय अजून."

आणि त्यांनी गाडी पहिल्या गेअरला घातली.